नमुना क्रमांक ४७

आमच्या गल्लीत नर्मदा पहाटे साडेपाचला येते,
एक दिवसाआड, पाऊण तास.
रामबागेत ‘नळ आला’ असं कुणी म्हणत नाही.
‘नर्मदा आली’ अशी हाक जाते जिन्याजिन्यातून
आणि बादल्या वाजू लागतात.

वडील कॉलेजात अटेंडंट होते, भूगर्भशास्त्र विभागात.
एकतीस वर्षं त्यांनी दगड पुसले,
खणात कापूस घालून जागच्या जागी ठेवले.
विभाग बंद झाला, कपाटं भंगारात निघाली,
तेव्हा हर्डीकर सर म्हणाले,
पिंगे, एखादा घेऊन जा आठवण म्हणून.
मुली ज्याच्यापाशी थबकायच्या
तो जांभळा स्फटिक त्यांनी घेतला नाही.
सत्तेचाळीस उचलला.
लंबगोल, तपकिरी, कमरेला एक पांढरी रेघ.
रजिस्टरात नोंद होती :
जास्पर. नर्मदा, धावडीकुंडाजवळ.

तिथे म्हणे धार उंचावरून पडायची
आणि खळग्यात अडकलेले दगड
एकमेकांना घोटत राहायचे,
कुणीही न सांगता, कुणासाठीही नाही,
कोपरे संपेपर्यंत.
आता ते कुंडच धरणाच्या पाण्याखाली आहे.

खांबेटे गुरुजींनी विचारलं, बाण आहे की नुसता गोटा?
तांदळाशी तोला. तीनदा तोला.
खरा असेल तर दर खेपेला वजन वेगळं भरेल.
वडिलांनी प्रयोगशाळेच्या तराजूत तोलला,
काचेचं दार लावून, श्वास धरून.
दोनशे बारा ग्रॅम, चार दशांश.
दोनशे बारा, चार.
दोनशे बारा, चार.
एका शास्त्रात पास, दुसऱ्या शास्त्रात नापास,
असं ते हसत सांगायचे
आणि मग तांब्या उचलायचे.

दगडावर आकडा ऑइलपेंटचा, पांढरा.
आई तारेची घासणी घेऊन बसली तर म्हणाले,
राहू दे गं. हजेरी लागते देवाची.

मी शाळेत व्याकरण शिकवते.
तो दगड. ती नदी. ते पाणी.
फळ्यावर ‘लिंग’ लिहिलं
की मागच्या बाकावर दरवर्षी हसू फुटतं.
मी खडू खाली ठेवते, त्यांना हसू देते.
मग सांगते, लिंग म्हणजे खूण.
धूर ही विस्तवाची खूण.
जे दिसत नाही त्याचीच खूण लागते,
समोर असतं तर बोट दाखवून भागलं असतं.
एकदा एका मुलीने, वैदेही शेजवलकरने, विचारलं,
बाई, पण विस्तव विझल्यावरही
थोडा वेळ धूर राहतोच की.
मला उत्तर आलं नाही.
घंटा झाली, सुटले.

वडील गेले त्याला सहा वर्षं झाली.
सोमवारी नर्मदा येते तेव्हा
मी फिल्टरचं पाणी घेत नाही, थेट नळाखालचं घेते.
ते जलूदहून येतं,
पंपांनी ढकललेलं, लोखंडी नळांतून घाट चढून.
आणि हा कधीकाळी
सहलीच्या बसमधून आला असेल,
कुणा विद्यार्थ्याच्या पिशवीत, डब्याशेजारी.
एकमेकांना चुकवून दोघं इतक्या वर आली
आणि माझ्या ओट्यावर, स्टीलच्या ताम्हनात,
पुन्हा भेटतात.
मला मंत्र अर्धाच येतो.
उरलेला त्यांचं ते बघतात.

परवा चष्मा लावून नीट पाहिलं.
साताची शेपटी गेलेली.
चाराचा रंगही एका बाजूने उडतोय.
मी घासलेला नाही, देवाशपथ.

नळ सूं करतो, थुंकतो, हवा सोडतो.
नर्मदा गेली.
भिंतीपलीकडून घाटपांडे वहिनी विचारतात,
झालं का हो तुमचं भरून?
मी अंगठ्याने पांढरी रेघ पुसते.
थोडं राहिलंय, म्हणते.